नोकराचा सदरा आणि सोन्याची शेती : आभासी खेळातील श्रमाचे कथन आणि स्थळाची संभवनीयता

१

उद्धव ज. शेळके यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडातून उचलून कोकणात नेता येत नाही आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशाबाहेर एक दिवसही जगू शकत नाही. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेतून मराठी समीक्षेने ही गोष्ट केव्हाच मान्य केलेली आहे. कथनातील स्थळ हलवून पाहावे. ते सहज हलले तर ती केवळ पार्श्वभूमी होती असे समजावे आणि हलवताना पात्रांचे बोलणे, त्यांचे उद्योग, त्यांची नाती तुटू लागली तर ते खरे स्थळ होते असे मानावे. ही कसोटी साधी असली तरी बहुतेक ठिकाणी पुरेशी ठरते.

या कसोटीपुढे एक नवा प्रश्न गेल्या दोन दशकांत उभा राहिला आहे. संगणकावरील आभासी खेळांच्या जगात पैशासाठी राबणाऱ्या माणसांविषयी कथा-कादंबऱ्या लिहिल्या जाऊ लागल्या. या श्रमाचे वैशिष्ट्य असे की, राबणारा माणूस एका ठिकाणी बसलेला असतो, त्याचे काम दुसऱ्याच, अस्तित्वात नसलेल्या भूमीवर चालते आणि त्या कामाचे फळ विकत घेणारा तिसऱ्या देशात असतो. गिरणीला भोंगा असतो, शेताला बांध असतो. या श्रमाला तसे डोळ्यांना दिसणारे काहीच नाही. अशा श्रमाचे कथन कोठे घडवावे आणि तेथेच का घडवावे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम या विषयावरील काही इंग्रजी कलाकृतींतील स्थळनिवड तपासली आहे आणि नंतर रायपूर व त्याच्या परिसराचा, म्हणजे भिलाई, दुर्ग आणि राजनांदगाव या पट्ट्याचा, एक संभाव्य कथनस्थळ म्हणून विचार केला आहे.

२

या श्रमाचे स्वरूप थोडक्यात असे. 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) यांसारख्या खेळांत हजारो खेळाडू एकाच वेळी एका काल्पनिक भूमीवर वावरतात. तेथे राक्षस मारून, खाणी खणून, वस्तू घडवून नाणी मिळवावी लागतात. हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ असते. श्रीमंत देशांतील खेळाडूंना तेवढा वेळ द्यावयाचा नसतो. म्हणून गरीब देशांतील तरुण पगारावर खेळून ती नाणी जमवतात आणि मालक ती डॉलरमध्ये विकतो. या व्यवसायाला 'गोल्ड फार्मिंग', म्हणजे सोन्याची शेती, असे नाव पडले. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कास्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली 'एव्हरक्वेस्ट'च्या भूमीचे दरडोई उत्पन्न काढून दाखवले, तेव्हा ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यानचे भरले. मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००८ साली अंदाज केला की, सुमारे ४ लाख माणसे या कामात आहेत, त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये आहेत आणि त्यांची सरासरी मासिक कमाई १४५ डॉलर आहे. ज्युलियन डिबेल यांनी २००७ साली नानजिंग येथील अशा एका कार्यशाळेचे वर्णन प्रसिद्ध केले. रात्रभराची बारा तासांची पाळी, रांगेने मांडलेले संगणक आणि पाळी संपल्यावरही उरलेल्या वेळात पुन्हा खेळच खेळणारे कामगार, हे त्या वर्णनातील तपशील पुढील अनेक कथनांच्या मुळाशी आहेत.

कथासाहित्यात हा विषय ठळकपणे आणला तो कोरी डॉक्टरोव यांनी. त्यांच्या 'अँडाज गेम' (२००४) या कथेत एक इंग्रज मुलगी खेळात काही दुबळ्या पात्रांना मारण्याचे पैसे घेते. ती पात्रे खेळात एकामागून एक सदरे शिवत असतात आणि त्यांच्यामागे मेक्सिकोतील तिहुआना येथे राबणाऱ्या लहान मुली असतात, हे तिला मागाहून कळते. दहा वर्षांनी, २०१४ साली, याच कथेवर चित्रकार जेन वांग यांनी 'इन रिअल लाइफ' ही चित्रकादंबरी केली. तिच्यात नायिका अमेरिकेतील ॲरिझोनात गेली आणि राबणारा मुलगा चिनी झाला. कथेचा सांगाडा या बदलाने फारसा हलला नाही. वर सांगितलेल्या कसोटीवर याचा अर्थ स्पष्ट आहे. तिहुआना हे त्या कथेचे स्थळ कधी नव्हतेच. गरिबीचा निर्देश करणारा तो एक पत्ता होता आणि पत्ता बदलता येतो. दोन्ही कृतींत श्रमाकडे पाहणारा डोळा ग्राहक देशातील खेळाडूचा आहे. राबणाऱ्याची खोली त्याला पडद्याच्या पलीकडून जेवढी दिसते तेवढीच कथेत येते.

डॉक्टरोव यांच्या 'फॉर द विन' (२०१०) या कादंबरीने ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला. तिचा मोठा भाग मुंबईतील धारावीत घडतो. माला नावाची मुलगी, जिला तिचे सवंगडी 'जनरल रोबोटवाला' म्हणतात, कॅफेतील मुलांची एक फौज उभी करते आणि पैसे घेऊन खेळातील इतर राबणाऱ्यांवरच हल्ले चढवते. पुढे ही मुले आणि शेनझेनमधील मुले एका आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत एकत्र येतात. धारावीची निवड निष्कारण नाही. कुंभारवाडा, चामड्याचे कारखाने, भंगारावर चालणारे उद्योग आणि पोटमाळ्यांवर नगावर चालणारे शिवणकाम यांमुळे धारावी ही मुळातच लहान खोल्यांत वाटलेल्या श्रमाची वस्ती आहे. खेळातील नगावारी काम तेथे येऊन बसणे तर्काला धरून आहे. मालाच्या फौजेतील मुलगे मुलीचा हुकूम मानतात तेव्हा निर्माण होणारा ताणही खरा वाटतो.

तरीही धारावी येथे पूर्णपणे स्थळ होत नाही. मराठी, तमिळ, दखनी हिंदी यांची तेथील रोजची सरमिसळ संवादांच्या पोतात उतरत नाही. पात्रे परस्परांशी जे बोलतात ते मुख्यतः अर्थव्यवहाराचे स्पष्टीकरण असते. मुंबईला गिरणी कामगारांच्या चळवळीची दीर्घ परंपरा आहे. तीत १९८२ चा संप आहे, त्याचा पराभव आहे. कादंबरीतील संघटनेचे नाव आणि तिची प्रेरणा मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी कामगार चळवळीतून येते. स्थानिक भूमीत संघर्षाची स्मृती असताना ती बाहेरून आणावी लागणे, हे लेखकाने स्थळ वरून पाहिल्याचे लक्षण मानावे लागते.

नील स्टीव्हन्सन यांची 'रीमडी' (२०११) शियामेन शहरातील एका इमारतीत राहणाऱ्या अशाच तरुणांपर्यंत जाते. परंतु थरारकथेचा वेग तिला त्या घरात फार काळ थांबू देत नाही.

३

ॲरिस्टॉटलने शक्य पण असंभवनीय अशा घटनेपेक्षा अशक्य पण संभवनीय अशी घटना कवीने पसंत करावी असे म्हटले आहे. क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चे'त औचित्याची जी स्थाने मोजली आहेत, त्यांत देश, काल आणि कुल यांचा समावेश आहे. बाख्तिनने तर कथनातील स्थळ आणि काळ परस्परांपासून अलग करता येत नाहीत, हे 'क्रोनोटोप', म्हणजे स्थलकालबंध, या संकल्पनेने मांडले. हे तिन्ही विचार एकत्र आणले तर आभासी खेळाच्या कथनाला एक व्यावहारिक उपयोग होतो. खेळाचे जग कितीही अशक्य असो, वाचक ते स्वीकारतो. राबणाऱ्याची खोली मात्र त्या देशात आणि त्या वर्षी संभवनीय असावी लागते. त्यासाठी काही साध्या प्रश्नांची उत्तरे कथनाच्या अंतरंगात असली पाहिजेत. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे? त्या वर्षी त्या गावात वीज आणि इंटरनेटची जोडणी कशी होती? पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोणाच्या खात्यात पडतो? कामाची भाषा कोणती आणि घरची कोणती? आणि राबणारा आपल्या आईला आपल्या कामाविषयी काय सांगतो?

२००५ सालच्या रायपुरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची सोन्याची शेती दाखवणारी कादंबरी या प्रश्नांपुढे टिकणार नाही. भारताच्या २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीला 'ब्रॉडबँड' म्हटले गेले होते, आणि तीही १ नोव्हेंबर २००० रोजी राजधानी झालेल्या शहरातील थोड्याच घरांत होती. चीनमध्ये हा व्यवसाय ज्या काळात वाढला तो काळ रायपूरला लागू पडत नाही. २०१६ साली जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि खेळ संगणकावरून थेट फोनवर आला. म्हणजे रायपूर निवडताच काळ बदलतो, काळ बदलताच यंत्र बदलते आणि यंत्राबरोबर श्रमाचा प्रकारही बदलतो. आधी श्रम ठरवून मग त्यासाठी गाव शोधण्याची पद्धत येथेच अपुरी ठरते. एखाद्या गावात या श्रमाने कोणते रूप घेतले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

४

रायपूर-भिलाई परिसरात त्याने जे रूप घेतले ते आता सार्वजनिक नोंदीचा भाग आहे. 'महादेव' या नावाने चाललेल्या ऑनलाइन सट्ट्याच्या जाळ्याविषयी अंमलबजावणी संचालनालयाने २०२३ साली जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यानुसार या जाळ्याचे प्रवर्तक मूळचे भिलाईचे असून मुख्य कारभार संयुक्त अरब अमिरातीतून चालत होता. देशभरात 'पॅनेल' किंवा शाखा वाटून दिल्या होत्या. नफ्याची विभागणी ७० आणि ३० टक्के अशी होती. नव्या खेळणाऱ्यांना आयडी देणे आणि बेनामी बँक खात्यांतून पैसे फिरवणे ही कामे या जाळ्यातून होत. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने 'महादेव'सह २२ ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. व्यक्तींवरील आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. समीक्षेला त्यातील श्रमाच्या रचनेशी कर्तव्य आहे.

सट्ट्याचे पॅनेल आणि सोन्याची शेती या एकच गोष्टी नव्हेत. सोन्याची शेती करणारा खेळाच्या आत राहून खेळातील वस्तू निर्माण करतो. पॅनेलवरचा मुलगा खेळाच्या बाहेर बसून खेळ चालू ठेवतो. तो आयडी तयार करतो, संदेशांना उत्तरे देतो, पैसे जमा झाल्याची खात्री करतो आणि हिशेब मिटवतो. पहिल्याचे काम कायद्याच्या दृष्टीने बहुतेक ठिकाणी धूसर आहे, दुसऱ्याचे गुन्ह्याच्या कक्षेत जाते. हा भेद झाकून ठेवणारी कादंबरी अप्रामाणिक ठरेल. परंतु रचनेचे साम्य तितकेच ठळक आहे. दोन्हींत कोणाच्या तरी करमणुकीखाली दुसऱ्या कोणाचा तरी कंटाळा पसरलेला असतो. दोन्हींत मालक दूर देशी आणि अदृश्य असतो. दोन्हींत राबणारा उसन्या नावाने वावरतो. म्हणून रायपूरच्या स्थळकाळात या श्रमाचा संभवनीय नायक हा सोन्याचा शेतकरी नसून पॅनेलवर बसणारा मुलगा आहे. २०१६ ते २०२५ हे त्याचे दशक आहे.

येथे लेखकापुढे एक मोहही उभा राहतो. रायपूरलगत वसवलेले नवा रायपूर, त्याचे रुंद रस्ते आणि विरळ वस्ती, हे आभासी नगरीचे आयते प्रतीक भासते. तो मोह टाळणे इष्ट. अशा प्रतीकाने वाचकाला लेखकाची कल्पना दिसते, राबणाऱ्याचे घर दिसत नाही. भिलाई इस्पात कारखान्याच्या वसाहतीतील वडिलांची दोन खोल्यांची जागा या कथनाला अधिक जवळची आहे. १९५५ च्या सोव्हिएत कराराने उभ्या राहिलेल्या कारखान्यातील कायम नोकरी ही त्या परिसरात एका पिढीची प्रतिष्ठा होती. वडिलांच्या कामाला पाळी, गणवेश, हजेरीपट आणि निवृत्तिवेतन होते. मुलाच्या कामाला रात्रपाळी आहे, बाकी काहीच नाही. या दोन श्रमांमधील अंतर एका छपराखाली मांडता येणे, हे या स्थळाचे सामर्थ्य आहे.

मराठी रंगभूमीने असे अंतर पूर्वी मांडले आहे. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात गिरणगावाची वाताहत आहे. पण ती दिसते चाळीतल्या खोलीत, धुरी कुटुंबाच्या बोलण्याभांडण्यात. गिरणी रंगमंचावर येत नाही आणि तरी प्रत्येक वाक्यामागे असते. आभासी खेळाच्या कथनकाराला या नाटकापासून शिकता येईल असे पुष्कळ आहे. खेळाच्या जगाची पाने भरभरून वर्णने करण्याची त्याला गरज नाही.

५

रायपूरच्या बाजूने याहून मोठा पुरावा त्या भूमीतील साहित्यातच आहे. राजनांदगाव येथे १९३७ साली जन्मलेले, रायपूर ही कर्मभूमी असलेले आणि २०२४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेले विनोदकुमार शुक्ल यांची 'नौकर की कमीज़' (१९७९) ही कादंबरी या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. तिच्यात साहेबाने आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून ठेवलेला आहे. नोकर शोधून त्याच्या मापाचा सदरा शिवावयाचा नाही. सदरा आधीच तयार आहे, तो ज्याला येईल तो नोकर. कारकून संतू बाबूला तो बरोबर येतो आणि त्या क्षणापासून त्याच्या कारकुनीच्या आत एक गडी शिरतो.

आभासी खेळातील पात्र, अथवा पॅनेलवरचा आयडी, याची रचना नेमकी हीच आहे. मालकाने तो आधी घडवलेला असतो. राबणारा त्यात शिरतो. पाळी संपली की तोच आयडी दुसरा चढवतो. पगार माणसाला मिळत असला तरी बाजारात किंमत सदऱ्याला असते. 'अँडाज गेम'मधील मुली खेळात सदरे शिवतात, तेथे सदरा हा श्रमाने निर्माण होणारा माल आहे. शुक्ल यांच्या कादंबरीत सदराच श्रमिकाला निर्माण करतो. दुसरी कल्पना अधिक खोल आहे आणि ती संगणकाचे नावही न घेता छत्तीसगडच्या एका लेखकाने आधीच मांडून ठेवली आहे. रायपूरचा कथनकार म्हणूनच रिकाम्या भूमीवर उभा नाही.

याच परंपरेच्या आरंभी माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' (१९०१) ही कथा आहे. मराठी घरातील सप्रे यांनी हिंदीत लिहिलेल्या या कथेत झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला विधवेची एक टोपली माती उचलत नाही आणि त्या वजनाने त्याला आपल्या अन्यायाचे भान येते. मातीला वजन असते म्हणून ही कथा शक्य होते. खेळातील नाण्याला वजन नाही. तेव्हा आभासी श्रमाच्या कथनाने वजन कोठे ठेवावे? ते जागरणाने चुरचुरणाऱ्या डोळ्यांत, आखडलेल्या मनगटात, आईच्या नावाने उघडलेल्या आणि तिला ठाऊक नसलेल्या बँक खात्यात ठेवावे लागेल.

६

भाषेचा प्रश्न यानंतर येतो. रायपूरचे हबीब तन्वीर (१९२३–२००९) यांनी नाचा परंपरेतील कलावंतांना घेऊन नाटके केली. या कलावंतांना खड्या हिंदीत बोलावयास लावणे ही आपली चूक होती, हे त्यांनी ओळखले आणि त्यांना छत्तीसगढीत मोकळे सोडले. 'चरणदास चोर' (१९७५) त्यातून उभे राहिले. स्थळ हे पात्राच्या जिभेवर असते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

मराठी लेखकाला रायपूर परके नाही. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा प्रदेश भोसल्यांकडे होता. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीतील मराठी घरे हा त्या इतिहासाचा मागे उरलेला अंश आहे. मराठी घरातून आलेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते आणि हिंदीत लिहीत होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत होते. अशा घरातील मुलगा पॅनेलवर बसला तर कामाची भाषा हिंदी, रस्त्याची छत्तीसगढी, पडद्यावरील शब्द इंग्रजी आणि आईशी बोलणे मराठीत. घरात लपवाछपवी कशी चालते हे सांगण्यासाठी निवेदकाला वेगळे स्पष्टीकरण करावे लागणार नाही. फोन वाजताच मुलाने बदललेली भाषा ते सांगेल. धारावीच्या चित्रणात जे हुकले ते येथे हाती लागण्याची शक्यता आहे, अर्थात चारही भाषांचे कान असलेल्या लेखकालाच.

७

उरतो तो संघर्षाचा प्रश्न. डॉक्टरोव यांची मुले संघटना बांधतात. भिलाईत असे घडवावयाचे तर प्रेरणा बाहेरून आणण्याचे कारण नाही. दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांना संघटित करणारे आणि त्यांच्याच वर्गणीतून व श्रमांतून शहीद रुग्णालय उभे करणारे शंकर गुहा नियोगी यांची हत्या भिलाईतच, २८ सप्टेंबर १९९१ रोजी झाली. कंत्राटी मजूर हा कोणाचाच मजूर नसतो, मालक त्याची ओळख नाकारतो, या स्थितीविरुद्ध तो लढा होता. पॅनेलवरच्या मुलाची स्थिती तिचेच टोक आहे. नियोगींच्या मजुरांना निदान आपण मजूर असल्याचे जाहीरपणे म्हणता येत होते; या मुलाला तेही म्हणता येत नाही, कारण आपले काम सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. त्याला संप करता येत नाही, मजुरी बुडाली तर दाद मागता येत नाही आणि छापा पडला की दूरच्या मालकाआधी तोच हाती लागण्याची शक्यता अधिक.

म्हणून या स्थळावरील प्रामाणिक कादंबरीचा शेवट 'फॉर द विन'सारखा आंतरराष्ट्रीय एकजुटीत करणे कठीण आहे. तिला बहुधा त्या घरात थांबावे लागेल, जेथे वडिलांनी नियोगींच्या सभा पाहिलेल्या आहेत आणि मुलगा आपल्या कामाचे नाव घेऊ शकत नाही. त्या दोघांमधील संवाद, अथवा न झालेला संवाद, हा तिचा गाभा ठरेल. तिहुआनातून चीनमध्ये कथा हलवता आली. ही कथा भिलाईतून हलवू गेल्यास कारखाना, सदरा, भाषा आणि नियोगींची स्मृती मागेच राहतील. आभासी श्रमाच्या कथनाला संभवनीय स्थळ मिळाल्याची खूण एवढीच आहे. मराठीत हे लेखन अद्याप व्हावयाचे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री मुंबई–हावडा रेल्वेमार्गावर, गोंदियाच्या पुढे काही तासांच्या अंतरावर आहे.